झाकणावरचे भोक आणि भांड्यावरचे नाव



गेल्या हिवाळ्यात एका परिचितांनी युरोपातील एका लिलावाची छापील, सचित्र यादी आम्हांला चाळायला आणून दिली. पाने उलटता उलटता आम्ही एका चित्रापाशी थांबलो. तांब्याची तीन भांडी एका ओळीत मांडलेली होती. खाली दोनच ओळी मजकूर होता: कॉफीची व चॉकलेटची भांडी, अठरावे ते एकोणिसावे शतक, आतून कल्हई, मुठी लाकडी, एक मूठ नंतर बसवलेली. भांडी कोणाची, कोणत्या गावची, कोणी घडवली, याबद्दल एक अक्षरही नव्हते. त्याच यादीत पुढे चांदीचे एकच कॉफीचे भांडे होते आणि त्याला आख्खे पान दिले होते. घडवणाऱ्याचे नाव, वर्ष, घराण्याचे चिन्ह, सगळे काही होते.

ही यादी आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत हातोहात फिरली. एक बाई म्हणाल्या, "हे मधले झाकण फुटके दिसते. बरोबर मध्ये भोक आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "वाफ जायला असेल." मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. पस्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या माणसाला असा प्रश्न अर्धवट सोडता येत नाही. त्या भोकाचा शोध घेता घेता आम्ही बरेच लांब गेलो. वाटेत आपले लोकही भेटले. ते आज वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम भोकाचे उत्तर सांगून टाकू. झाकण फुटके नाही. त्या भोकातून एक लाकडी दांडा आत जात असे. त्याच्या खालच्या टोकाला खाचा पाडलेला गोंडा असे. दोन्ही तळहातांत धरून तो दांडा गरगर फिरवायचा. स्पॅनिश लोक त्याला मोलिनियो म्हणतात. आपण सरळ रवी म्हणू. आई लहान लोटीत ताक घुसळायची, तीच ही रवी. फरक एवढाच की झाकण लावून घुसळल्यामुळे पेय बाहेर उडत नसे आणि गारही होत नसे.

हे घुसळणे का लागे? कॉफी आणि चॉकलेट ही दोन पेये स्वभावाने एकमेकांच्या उलट आहेत. कॉफी उकळली की तिचा साका खाली बसू द्यायचा आणि वरचे तेवढे हलक्या हाताने ओतायचे. म्हणून कॉफीच्या भांड्याचा तळ बहुधा रुंद आणि गळा निमुळता असतो; साका खालीच राहतो. चॉकलेटचे नेमके उलटे. त्या काळी कोकोची बी भाजून, वाटून तिची वडी करत आणि ती वडी गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवत. बीमध्ये तूप फार. ते वर तरंगे आणि चोथा खाली बसे. सगळे एकजीव करून, फेस आणून, लगेच ओतले तरच ते पिण्याजोगे होई. थोडक्यात, साका खाली ठेवण्यासाठी एक भांडे घडवले गेले आणि साका वर आणण्यासाठी दुसरे. झाकणाचे भोक पाहिले की कोणते कोणते हे कळते.

आता या भांड्यांचा प्रवास पाहू. कॉफी पिण्याच्या जुन्या नोंदी पंधराव्या शतकातल्या येमेनमधील सूफी फकिरांच्या आहेत. रात्रीच्या जपाला जागे राहण्यासाठी ते ती पीत. मोखा बंदरातून ती मक्केला व कैरोला गेली. १५११ साली मक्केत तिच्यावर बंदीही आली. पण ती टिकली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने निघाली. या सर्व मुलखात ती तांब्याच्या भांड्यात होई. तुर्की लोक लांब दांड्याच्या भांड्याला जेझ्वे म्हणतात. तोटीचे ते इब्रिक.

कैरोत त्या वेळी रब्बी दाविद बेन झिम्रा हे आपल्या लोकांचे प्रमुख होते. राद्बाझ या नावाने ते ओळखले जातात. १४९२ साली स्पेनमधून आपल्या लोकांना हाकलले, तेव्हा ते लहान वयात देश सोडून निघाले होते. त्यांना विचारले गेले की परधर्मीयाने उकळलेली कॉफी आपल्याला चालते का? त्यांनी कॉफीला परवानगी दिली, पण कॉफीच्या दुकानात जाऊन त्या बैठकांत बसण्याला नापसंती दर्शवली. ज्याला हवी त्याने ती घरी मागवावी. म्हणजे पेयाला दोष नाही, सांभाळायचे ते संगतीला. आमच्या वडिलांनी इराण्याच्या हॉटेलाविषयी आम्हांला अगदी हेच सांगितले होते, हे आठवून हसू आले.

इंग्लंडात कॉफीचे पहिले दुकान उघडल्याची जी नोंद आहे, तीही आपल्याच एका माणसाची. ऑक्सफर्डचा इतिहासकार अँथनी वुड याने १६५० सालाखाली लिहून ठेवले आहे की जेकब नावाच्या एका यहुदी माणसाने तेथे कॉफीचे दुकान काढले. वाचकांनी हे साल ध्यानात घ्यावे. १२९० मध्ये इंग्लंडच्या राजाने सर्व यहुदी लोकांना देशाबाहेर घालवले होते, आणि पुन्हा राहू देण्याची वाट मोकळी झाली ती १६५६ मध्ये. म्हणजे ज्या देशात आपल्या लोकांना राहण्याचीच मुभा नव्हती, तेथे हा जेकब चुलीवर भांडे ठेवून गिऱ्हाइकांची वाट पाहत होता. लंडनमधले पहिले दुकान १६५२ चे. ते पास्का रोझे याने काढले. स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, तेथील एका इंग्रज व्यापाऱ्याचा तो नोकर होता.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. आपण इस्राएलात आल्यावर शेकोटीवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याला फिंजान म्हणायला शिकलो. पण अरबीत फिंजान म्हणजे कॉफी पिण्याचा लहान पेला. येथे येऊन पेल्याचे नाव भांड्याला चिकटले. हा शब्द मुळात फारसी, पिंगान. आणि जुन्या मराठीत चिनी मातीच्या भांड्याला काय म्हणतात? पिंगाण! आम्ही लोद विमानतळावर उतरलो तेव्हा वाटले होते की एकही ओळखीचा शब्द कानावर पडत नाही. हा एक तर आपल्या आजीच्या फडताळातलाच निघाला.

चॉकलेटचा रस्ता वेगळा, तो समुद्रापलीकडून येतो. कोकोची बी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तेथील मूळचे लोक उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून तिला फेस आणत. स्पॅनिश लोक तेथे गेल्यावर रवी वापरात आली, आणि रवीबरोबर भोकाचे झाकण व तांब्याचे भांडे.

स्पेन व पोर्तुगालमधून इन्क्विझिशनच्या भीतीने निघालेली आपली काही कुटुंबे फ्रान्सच्या सीमेवर बायोन शहराजवळ आली. त्यांना शहरात राहायला मनाई होती. नदीपलीकडे सॅन-एस्प्री नावाची वस्ती होती, तेथे ती राहिली. चॉकलेट करण्याची विद्या बायोनला दिली ती या लोकांनी. सकाळी पूल ओलांडून ते शहरात जात, आणि गिऱ्हाइकाच्या घरी बसून कोकोची बी वाटून देत. वाटण्याचा दगड बरोबर नेत. तो दगड म्हणजे जवळजवळ आपला पाटाच. खाली विस्तव ठेवून तो गरम करत, म्हणजे बीतले तूप सुटते. संध्याकाळी दिवस मावळण्यापूर्वी नदीपलीकडे परतायचे.

पुढे शहरातले लोकही हे काम शिकले. शिकल्यावर १७६१ साली त्यांनी चॉकलेट करणाऱ्यांचा संघ काढला आणि यहुदी माणसाला हा धंदा शहरात करता येऊ नये, असा नियम केला. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांनाच दार बंद. आपले लोक गप्प बसले नाहीत. प्रकरण बोर्दोच्या वरिष्ठ न्यायसभेपुढे गेले, आणि १७६७ मध्ये त्या संघाचे नियम रद्द झाले. आज बायोन शहर आपल्या चॉकलेटचा अभिमान बाळगते, आणि ते कोणी आणले हेही आता उघडपणे सांगते. त्याला मात्र फार वर्षे लागली.

आपल्या लोकांची फक्त सोसल्याचीच बाजू सांगितली तर इतिहास अपुरा राहील. अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात अठराव्या शतकात आरन लोपेझ हे पोर्तुगालहून आलेले मोठे व्यापारी होते. तेथील सभास्थानाच्या आधारस्तंभांपैकी ते एक. त्यांच्या मालात चॉकलेटही असे. ते वाटून देणारा माणूस प्रिन्स अपडाइक नावाचा आफ्रिकन गुलाम होता. लोपेझ यांची जहाजे गुलामांच्या व्यापारातही होती. मिसरातून आपण कसे सुटलो हे दर वर्षी टेबलाभोवती बसून सांगणाऱ्या लोकांनी ही गोष्टही विसरू नये, असे आम्हांला वाटते. प्रिन्स अपडाइकचे नाव हिशेबाच्या वहीमुळे राहिले. अशा असंख्य लोकांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

चॉकलेटच्या भांड्याचे दिवस संपवले ते एका यंत्राने. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतले तूप दाबून काढण्याची रीत शोधली. मागे राहिली ती सहज मिसळणारी पूड. आपल्या लहानपणी डब्यातून चमच्याने काढून दुधात घालत, तो हा कोको. मग रवीची गरज उरली नाही आणि भोकाच्या झाकणाचीही नाही. काही भांड्यांची भोके बुजवली गेली आणि ती कॉफीच्या कामाला लागली.

आता तांब्याकडे वळू. तांबे लवकर तापते आणि सगळीकडून सारखे तापते. म्हणून चुलीवरच्या कामाला ते उत्तम. मूठ लाकडाची, कारण तांब्याची असती तर हात भाजला असता. पण आतून उघडे तांबे बाधते. त्यासाठी कल्हई. हा शब्दही प्रवासी आहे: अरबीत कलई म्हणजे कथील, तुर्कीत कलाय. इस्तंबूलच्या गल्लीत ओरडत जाणारा कलायजी आणि पेणच्या आळीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला, दोघांचे काम एक आणि नावही एकाच मुळाचे. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठे, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसले की काळे भांडे चंद्रासारखे होई. कोकणातल्या आपल्या घरांत पेसाहच्या आधी कल्हईवाला हमखास येई. पोरे धुरात उभी राहून खोकत आणि तरीही हलत नसत. तोरामध्ये बामिद्बारच्या एकतिसाव्या अध्यायात सहा धातूंची नावे आहेत. त्यांत तांबे आहे, नेहोशेत. आणि कथीलही आहे, बदील. पुढे एखाद्या वाचकाने असे जुने धातूचे भांडे परक्याकडून विकत घेतले आणि ते वापरण्याचे मनात आणले, तर आधी मिक्वेत बुडवायला विसरू नये.

लिलावातले जाणकार असे भांडे हातात घेतल्यावर काय पाहतात? सांधा पाहतात. जुन्या काळी तांबट पत्रा वळवून त्याच्या दोन कडांना दाते पाडत, ते दाते एकमेकांत अडकवत आणि पितळेने झाळत. नीट पाहिले तर तांबड्या अंगावर पिवळी दातेरी रेघ दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात पत्रा यंत्राच्या चाकावर फिरवून आकार देऊ लागले. त्या भांड्यांना असा सांधा नसतो. ठोक्यांच्या खुणाही पाहतात, पण त्यांवर विसंबत नाहीत, कारण आपले मठारकाम पुण्याच्या तांबट आळीत आजही होते आणि नक्कल करणाऱ्यालाही ठोके मारता येतात. आतली कल्हई किती झिजली, मूठ मूळची की नंतरची, झाकण त्याच भांड्याचे की दुसऱ्याचे, हे सर्व तपासतात. विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी झाकण पाहावे. झाकणे फार हरवतात.

एवढे करूनही तांब्याचे भांडे आपला पत्ता सांगत नाही. इंग्लंडात चांदीच्या भांड्यावर कायद्याने छाप मारावा लागे. त्यावरून शहर, वर्ष आणि घडवणारा कळतो. तांब्याला असा कायदा नव्हता. चांदी बैठकीच्या खोलीत राहिली, तांबे स्वयंपाकघरात. ते झिजले, भोके पडली, मोडीत गेले, वितळून त्याचेच दुसरे भांडे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तर सरकारने घराघरांतून तांब्यापितळेची भांडी दारूगोळ्यासाठी जमा केली. म्हणून एके काळी घरोघर असलेली वस्तू आज थोडी उरली आहे, आणि जी उरली ती मुकी आहे.

नावाचे महत्त्व किती, याची दोन उदाहरणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दोन्हींचा संबंध ईस्ट इंडिया कंपनीशी, म्हणजे आपल्या जुन्या मुलखाशीही आहे. पहिले चांदीचे भांडे १६७० चे. उंच, निमुळते, सरळ तोटीचे. कोणीही पाहून कॉफीचे भांडे म्हणेल. पण त्यावर कोरले आहे की हे चहाचे भांडे लॉर्ड बर्कली यांनी कंपनीच्या मंडळाला भेट दिले. केवळ त्या अक्षरांमुळे ते चहाचे ठरले. दुसरे १६८१ चे, जॉर्ज गार्थोर्न याने घडवलेले. इंग्लंडातील चांदीच्या कॉफीच्या भांड्यांत हे सर्वांत जुने मानले जाते. त्यावर कोरले आहे की रिचर्ड स्टर्न यांनी कंपनीला दिलेली ही भेट.

अमक्याकडून तमक्यास भेट! वाचकहो, हे वाचून आम्हांला लंडन दिसले नाही, लग्नाचा मांडव दिसला. आपल्या कोणत्या घरात असे भांडे नव्हते? हंडा, तपेली, ताट, तांब्या, प्रत्येकावर दुकानदाराच्या माणसाने छिन्नीने टिंब टिंब मारून घातलेले नाव: चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून, गाव, सन. युरोपातला तांबट आपल्या भांड्यावर गप्प राहिला. आपल्याकडे मात्र गरिबाच्या तांब्यालाही नाव होते. या एका बाबतीत आपण लॉर्डांच्या पंगतीत होतो.

आणि आपण ते काय केले? आमच्या घरचे सांगतो. १९६९ साली आम्ही निघालो तेव्हा सामानाला वजनाची मर्यादा होती. आईची भांडी ओट्यावर मांडली गेली. एक मोडवाला आला, तराजू लावला आणि मोडीच्या भावाने सगळे घेऊन गेला. त्याने नावे वाचली नाहीत. त्याला किलो तेवढे कळत होते. आई तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसली. त्या वेळी आम्हांला वाटले, तिचे डोके दुखत असेल.

दोन वर्षांपूर्वी याफोच्या जुन्या बाजारात एका फळीवर आम्हांला तांब्याची एक तपेली दिसली. शेजारी जेझ्वे, दल्ला, फुटके समई-दिवे, सगळा गोतावळा. विकणाऱ्याने सांगितले की ही इराणची, आणि कडेची ही नक्षी पाहा कशी हाताने केली आहे. ती नक्षी नव्हती, ती बाळबोध अक्षरे होती. आम्ही चष्मा पुसून वाचले. पहिले नाव आपल्यातलेच, स्त्रीचे. आडनावाची सुरुवात घासून घासून पुसली गेली होती, शेवटचे 'कर' तेवढे राहिले होते. पुढे रेवदंडे आणि सन १९३८. आम्ही आनंदाच्या भरात ते मोठ्याने वाचून दाखवले. त्या गृहस्थाने लगेच भाव वाढवला! आम्ही रागावलो नाही. त्याने लिलावाचा नियमच पाळला. नाव कळले की वस्तूची किंमत वाढते. आम्ही पैसे मोजले आणि तपेली घरी आणली.

त्या रात्री ती पुढ्यात ठेवून आम्ही विचार करत बसलो. आमच्या घराने जे आणले नाही, ते कोणत्या तरी घराने आणले होते. किलो किलो मोजून घ्यायच्या सामानात त्या बाईने कपडे कमी केले असतील, पण ही तपेली घेतली. मग ती गेली, आणि शिवाचे सात दिवस संपल्यावर घर रिकामे करताना कोणीतरी ती खोक्यात टाकली. मुलांना दोष कसा द्यावा? त्यांना ती अक्षरे वाचता येत नाहीत. आपणच त्यांना ती वाचून दाखवली नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी असे एकही भांडे शिल्लक असेल, तर ते या आठवड्यात खाली काढा. त्यावरचे नाव नातवंडांपुढे मोठ्याने वाचा. मग एका कागदावर मराठीत आणि इव्रीत लिहा: हे भांडे कोणाचे, कोणी दिले, कोणत्या गावचे, यात काय शिजत असे. तो कागद भांड्यातच ठेवा. नावावरून जोराने घासू नका. चिंच लावलीच तर अक्षरे सोडून लावा. लिलाववाले वस्तूच्या मालकीच्या वंशावळीला फार मान देतात, आणि ती त्यांना पुष्कळदा सापडत नाही. आपल्याकडे ती अजून तोंडपाठ असलेली माणसे आहेत. किती वर्षे असतील, हे आपण सगळे जाणतो.

ती तपेली आमच्याकडे आहे. तिला कल्हई करून देणारा आम्हांला येथे मिळालेला नाही, म्हणून तिच्यात काही शिजवत नाही. रेवदंडे, सन १९३८, शेवटी 'कर'. कोणा वाचकाच्या आईची, आजीची किंवा मावशीची ही असेल, तर या मासिकाच्या संपादकांकडे कळवावे. आम्ही ती पैसे न घेता देऊ. विकण्यासाठी आम्ही ती घेतलेली नाही.

शालोम.